तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धातल्या परिचारिकांचं शौर्य कशात होतं?

"लढत होते सैनिक, शस्त्रक्रिया करत होते डॉक्टर. मग परिचारिकांचं शौर्य नेमकं कशात?" हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. 'सेवा' आणि 'त्याग' हे शब्द इतके वापरून झालेत, की त्यांच्यामागचं काम दिसेनासं झालंय. म्हणून उत्तर मी एका रबरी नळीपासून सुरू करते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममधली आघाडी शेतांतून गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत खाल्लेली ती माती. तोफगोळ्याचा तुकडा अंगात घुसताना गणवेशाची चिंधी आणि ती माती सोबत घेऊन जाई. मग गॅस गँगरीन, म्हणजे मातीतल्या जंतूंमुळे मांस सडणं. जखमेभोवतीची कातडी फुगते, बोटानं दाबली की आतल्या बुडबुड्यांची करकर जाणवते, वास येतो आणि माणूस एकदोन दिवसांत जातो. पेनिसिलिन तेव्हा नव्हतं. १९१५ मध्ये सर्जन अलेक्सी कारेल आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी यावर एक पद्धत बसवली. सर्जननं मेलेलं मांस कापून काढायचं, जखम न शिवता उघडी ठेवायची आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणानं ती सतत धूत राहायची. पद्धतीला नाव या दोघांचं मिळालं. ती चालवली परिचारिकांनी.

पलंगाच्या वर काचेची बाटली टांगलेली. तिच्यातून निघालेल्या नळीला फाटे फोडून बारीक रबरी नळ्या जखमेच्या कानाकोपऱ्यात सोडलेल्या. त्या नळ्यांची टोकं दोऱ्यानं बांधलेली आणि नळ्यांच्याच अंगाला बारीक छिद्रं. दर दोन तासांनी नळीवरचा चिमटा काही सेकंद उघडायचा, जखमेत द्रावण भरलं की बंद करायचा. दिवसाला बारा वेळा, रात्रीसुद्धा. एका वॉर्डात असे तीस जखमी धरले, तर चोवीस तासांत ३६० वेळा. शिवाय रोजचं ड्रेसिंग वेगळंच.

यात चुकायला जागा भरपूर. द्रावणाची ताकद ०.४५ ते ०.५ टक्के यांच्यामध्येच हवी. कमी पडली तर जंतू मरत नाहीत, जास्त झाली तर कातडी भाजते. उन्हात किंवा गरम जागी ठेवलं की द्रावण उतरतं, म्हणून ते ताजं लागे. जखमेभोवतीच्या कातडीवर व्हॅसलीन लावलेल्या गॉझच्या पट्ट्या नीट बसवल्या नाहीत, की तिथे नवी जखम. नळीचं छिद्र पुवानं बुजलं, की तेवढा कोपरा कोरडा राहतो आणि गँगरीन तिथूनच पुन्हा डोकं वर काढतं. हे सगळं बघायचं ते कंदिलाच्या उजेडात, झोपलेल्या माणसाला शक्यतो न उठवता.

याहून कठीण प्रसंग पुढेच असे. हे द्रावण मेलेलं मांस विरघळवतं, तसं साकळलेलं रक्तही विरघळवतं. आधीच जंतूंनी पोखरलेली धमनी आठवड्या-दीड आठवड्यानं, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, फुटते. पांघरुणाखाली रक्त वाहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. मोठी धमनी असेल तर हाताशी काही मिनिटंच असतात. म्हणून मांडीच्या जखमेवाल्याच्या उशाशी रक्त थांबवायचा आवळपट्टा टांगून ठेवत. नाडी वेगात चालली, ओठ पांढरे पडले, माणूस उगाच बेचैन झाला, की आधी पांघरूण उचलायचं, डॉक्टरला हाक नंतर. बोटानं धमनी दाबून धरायची आणि सर्जन येईपर्यंत हलायचं नाही. माझ्या मते शौर्य म्हणतात ते इथे होतं.

मांडीचं हाड मोडलेल्याचा पाय स्प्लिंटमध्ये ताणून, दोऱ्या-वजनांनी चौकटीला बांधलेला असे. बॉम्ब पडू लागले तरी तो खंदकात पळू शकत नाही. १९ मे १९१८ च्या रात्री फ्रान्समधल्या एताप्लच्या लष्करी रुग्णालयांवर बॉम्ब पडले, तेव्हाही असे पलंग भरलेले होते आणि ड्युटीवरच्या परिचारिका वॉर्डात होत्या. त्या हल्ल्यात तीन कॅनेडियन परिचारिका गेल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'लॅन्डव्हरी कॅसल' हे रुग्णालय-जहाज पाणबुडीनं बुडवलं. त्यावरच्या चौदाच्या चौदा परिचारिका बुडाल्या.

मस्टर्ड गॅस या कातडी भाजणाऱ्या विषारी अस्त्राचं थोडक्यात सांगते. १९१७ पासून तो वापरात आला. तो कपड्यांत मुरून राहतो, म्हणून जखमीचे कपडे उतरवणाऱ्या परिचारिकांचेही डोळे सुजत, घसा बसत असे, हातांवर फोड येत. तरी कपडे उतरवावेच लागत. ते अंगावर राहिले तर माणूस भाजतच राहतो.

त्यागाबद्दल विचारलंत, तर दुसऱ्या महायुद्धातल्या एका किनाऱ्याचं सांगायला हवं. १२ फेब्रुवारी १९४२ ला 'व्हायनर ब्रुक' जहाजातून ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिका सिंगापूरहून निघाल्या. दोन दिवसांनी बॉम्बहल्ल्यात जहाज बुडालं, बारा जणी समुद्रातच गेल्या. बावीस जणी सुमात्राजवळच्या बांका बेटाच्या किनाऱ्याला लागल्या. तिथून बरेचसे नागरिक, बायका-मुलं, शरण जायला गावाकडे चालत निघाले. परिचारिकांनाही जाता आलं असतं. पण जखमी चालू शकत नव्हते, म्हणून त्या थांबल्या. १६ तारखेला जपानी सैनिकांनी आधी पुरुषांना मारलं, मग या बावीस जणींना समुद्रात चालत जायला लावून पाठीमागून मशीनगन चालवली. एकवीस जणी मेल्या. कमरेजवळ गोळी आरपार गेलेली व्हिव्हियन बुलविंकल तेवढी वाचली.

किनाऱ्यावर परतल्यावर तिला एक जखमी ब्रिटिश सैनिक जिवंत सापडला. सुमारे बारा दिवस ती त्याच्यासह जंगलात लपली. स्वतःला गोळी लागलेली असताना त्याची शुश्रूषा केली, जवळच्या गावातल्या बायकांकडून अन्न मागून आणलं. शेवटी शरण जाताना गणवेशावरचं गोळीचं भोक तिनं खांद्याला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीआड झाकलं. साक्षीदार जिवंत आहे हे कळलं असतं तर ती वाचली नसती. छावणीत तिला जहाजावरच्या उरलेल्या सोबतिणी भेटल्या. तिच्यासह बत्तीस जणी साडेतीन वर्षं कैदेत होत्या. त्यातल्या आठ तिथेच वारल्या, चोवीस घरी परतल्या. १९४६ मध्ये टोकियोतल्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढे बुलविंकलनं त्या किनाऱ्याची साक्ष दिली.