सोनं सापडलं, पण मिळणार कधी?

‘चोरटे जेरबंद, सोनं हस्तगत’ अशी बातमी आली की लोकांना वाटतं, प्रकरण मिटलं. आम्हा तालुका कोर्टातल्या वकिलांकडे फिर्यादी येतो तो त्यानंतर.

मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या. मोटारसायकलवाल्यांनी मंगळसूत्र हिसकावलेलं. आरोपी सापडल्याचं त्यांना पेपरातून कळलं. (तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम 193. असो.) ठाण्यात त्यांना कापडी पुडी दाखवली, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल आणि आत सोन्याची लगड. सराफाने केव्हाच आटवलं होतं. “हे माझं म्हणून कशावरून सांगू?” बाईंनी मला विचारलं. ठाण्यातून उत्तर मिळालं होतं, “केस संपली की मिळेल.”

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच सांगून ठेवलंय: पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि दागिने ज्याचे त्याला द्या; पंधरा दिवस ते महिना, त्यापलीकडे वस्तू ठाण्यात ठेवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 497 मध्ये, तर मुदतच घातलीय. मुद्देमाल कोर्टापुढे आला की 14 दिवसांत त्याचं वर्णन नोंदवायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या 30 दिवसांत तो कुणाला द्यायचा याचा आदेश करायचा. ते फोटो पुराव्यात चालतात. मग सोनं अडकवून ठेवायचं कशाला?

तरी कोणी घरी आणून देत नाही, अर्ज करावाच लागतो. सराफाची पावती जोडा, कितीही जुनी असो. नसेल तर लग्नकार्यातला फोटो. लगड असेल तर ती आटवणाऱ्या सराफाचा जबाब सगळ्यात कामाचा. मग तपासी अंमलदाराचा आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात, त्यात दोन-तीन तारखा सहज जातात.

एक गोष्ट मात्र आमचे वकीलच विसरतात. निकालापर्यंत मुद्देमाल विकायचा नाही, त्याचं रूप बदलायचं नाही, अशी अट सहसा पडते. लगड घरी आणून करायचं काय? त्यामुळे नवं मंगळसूत्र घडवायची परवानगी बाईंच्या अर्जातच मागितली. बाईंच्या जुन्या ट्रंकेत 1987 ची पावती निघाली, तीही जोडलीय. पोलिसांचा से यायचाय.