मशीनमध्ये पाणी हळू भरतंय? आधी जाळी बघा

फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पाणी भरायला फार वेळ लावतं किंवा एरर दाखवून थांबतं, तेव्हा बहुतेक वेळा इनलेट व्हॉल्व्हची (मशीनमध्ये पाणी आत सोडणाऱ्या झडपेची) जाळी तुंबलेली असते. टाकीतला गाळ आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तिथेच अडकतात.

प्लग काढा, नळ बंद करा, खाली बादली ठेवून मागचा इनलेट पाईप सोडवा. पाईप जिथे बसतो त्या मशीनच्या तोंडात छोटी प्लास्टिकची जाळी दिसेल. तिची मधली कडी पकडीत धरून सरळ ओढा. पांढरा थर असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. नळाकडच्या टोकालाही जाळी असू शकते, ती हमखास विसरली जाते! जाळी काढून टाकून मशीन कधीच चालवू नका. कचरा व्हॉल्व्हमध्ये अडकला की मशीन बंद असतानाही पाणी गळत राहतं. पाईप परत बसवताना रबरी वॉशर तपासा आणि हातानेच आवळा, पान्याने प्लास्टिकचे आटे तुटतात.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर दाब कमी आहे. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, त्यामुळे टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर ही अडचण कायमची. तिथे छोटा प्रेशर पंपच लावावा लागतो.