हप्ता आणि जत्रा

मंगळवार, रात्री

आषाढ लागला की बेळगावच्या वडगावात घरोघरी एकच विषय असतो, मंगाई देवीच्या जत्रेला कोण कोण येणार. यंदा आमच्या घरात त्याच्या आधी दुसरा विषय निघाला. कुणाला बोलवायचं की नाही?

पाहुणे आले की मटण आलं, तांदूळ आला, लेकीबाळींची ओटी आली, पोरांच्या हातावर जत्रेचे पैसे आले. सगळं धरलं तर आठ-नऊ हजार कुठं गेले नाहीत. ह्यांचा उद्यमबागेतल्या कारखान्यातला पगार 24,000. माझ्या शिलाईचे सात-आठ हजार. त्यातून घराचा हप्ता 7,061, सोन्याच्या कर्जाला 4,000, निपाणीच्या भावाला 1,000 आणि पिग्मीला, म्हणजे पतसंस्थेच्या रोजच्या बचतीला, दिवसाला 60. म्हणजे महिन्याला जवळजवळ 14,000 आधीच बांधलेले. उरतात त्यात पाच माणसांचं घर चालतं.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. कर्ज फिटेपर्यंत जत्रा नको, पाहुणे नकोत, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. घराचं कर्ज अजून सहा वर्षांचं आहे. थोरली आता नववीत आहे. सहा वर्षांनी ती शिकायला कुठं असेल कोण जाणे. सासूबाईंची पंच्याहत्तरी झाली. कर्ज फिटल्यावर जत्रा करू म्हणायचं, तर तेव्हा जत्रेला घरात कोण कोण असेल?

शेवटी मीच फोन उचलला. खानापूरच्या नणंदेला म्हटलं, "ताई, यंदा आमची ओढाताण आहे. जत्रा करायचीय, पण मिळून करूया." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग रागावल्याच. "वैनी, हे आधी सांगायचं नाही होय?" निम्मं मटण त्यांनी आणलं. चंदगडची माझी बहीण तांदूळ आणि काजू घेऊन आली. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण केलं, वडे तळले, आणि सासूबाईंनी बसल्या जागी भाकऱ्या थापल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या एवढा वेळ ताठ बसल्या. आमचा खर्च 3,200 झाला.

रात्री भांडी घासताना बहीण आणि मी बोलत होतो. ती महाराष्ट्रात, मी कर्नाटकात. तिच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे 1,500 येतात, आमच्याकडे सासूबाईंच्या नावावर गृहलक्ष्मीचे 2,000, कारण रेशन कार्डावर घराच्या प्रमुख त्या आहेत. तिच्यापासून मोटारीनं तासा-दीड तासावर आम्ही, पण सरकार वेगळं, कागद वेगळे. ती तिचे पैसे भिशीत घालते. सासूबाई त्यांच्यातले 1,000 औषधांना ठेवतात, 500 स्वतःकडे ठेवतात आणि 500 माझ्या हातात देतात. देताना दर वेळी बजावतात, "हे हप्त्यात घालायचे नाहीत."

त्या 500 मध्ये मी माझे 500 घालते. त्याचा एक डबा आहे. जत्रेचे 3,200 त्याच डब्यातून गेले. कुणाकडून उसने घ्यावे लागले नाहीत, हप्ता चुकला नाही. मला आज फार बरं वाटतंय.

शनिवार

आज दुपारी पतसंस्थेतून पत्र आलं. कन्नडमध्ये. ह्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. माझंही तेच. थोरली मराठी शाळेत असली तरी तिला कन्नड विषय आहे आणि ती झरझर वाचते. वीजबिल, रेशनचा मेसेज, बँकेचा कागद, सगळं तीच वाचून दाखवते.

त्यामुळे आमच्या घरात कर्ज मुलांपासून लपलंच नाही. पहिल्यांदा मला ते जड गेलं होतं. तेव्हा तिला आठवीत टाकलेलं, आणि तिनं कर्जाच्या कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचला, "चार लाख." धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे आपण गरीब आहोत?" ह्यांनी त्याला जवळ घेतलं आणि हिशेब सांगितला. वरची खोली बांधली त्याचे चार लाख. आजीच्या ऑपरेशनला माझ्या पाटल्या गहाण टाकून 1,10,000 घेतले, मामाकडून 40,000 आणले. दर महिन्याला एवढे देतो, अमक्या वर्षी संपतील. एवढंच. त्या दिवसापासून धाकट्यानं तो प्रश्न विचारलेला नाही. मुलांना आकडा कळला तर ती घाबरत नाहीत. आई-वडील दार लावून कुजबुजायला लागले की घाबरतात. हे मी माझ्या माहेरी लहानपणी अनुभवलंय.

तिला मी त्या वेळी व्याजाचं गणितही करायला लावलं होतं. चार लाख, 12 टक्के, सात वर्षं. पहिल्या हप्त्याचे 7,061 भरले त्यातले 4,000 नुसत्या व्याजाला गेले, मुद्दल फिटलं 3,061. ती चिडलीच. "आई, हे तर निम्म्यापेक्षा जास्त आहे!" तेव्हा तिला सांगितलं की ह्यात व्याज उरलेल्या रकमेवर लागतं, म्हणून पुढे पुढे मुद्दल जास्त फिटत जातं. फ्लॅट रेट म्हणून जे सांगतात ते वेगळं. तिथे एक लाख तीन वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतलं तर 36,000 व्याज आधीच धरून हप्ता पाडतात, आणि प्रत्यक्षात ते 21 टक्क्यांच्या आसपास पडतं. दोन्हीकडे 12 हाच आकडा बोलला जातो. नववी-दहावीच्या पोरींना हे शाळेतच शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशनच्या वेळी गल्लीतल्या एकानं शेकडा तीननं पैसे द्यायची तयारी दाखवली होती. शेकडा तीन म्हणजे महिन्याला. लाखाला महिना 3,000, वर्षाला 36,000, आणि मुद्दल जागच्या जागी. त्यापेक्षा पाटल्या गेलेल्या बऱ्या, असं सासूबाईच म्हणाल्या. सोन्यावर 11 टक्क्यांनी मिळाले. पुष्कळ जण सोन्याच्या कर्जाचं नुसतं व्याज भरून ते नवं करत राहतात. आम्ही पहिल्या महिन्यापासून मुद्दलाला हात घातला.

शेजारची एक बाई बायकांच्या गटातून घेतलेल्या कर्जात अडकली होती. वसुलीची माणसं दारात येऊन बसायची. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं अशा जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, तेव्हा तिच्या घरी त्याची बातमी थोरलीनंच कन्नड पेपरातून वाचून दाखवली. कर्ज माफ झालं नाही, पण ती बाई दार उघडं ठेवून बसायला लागली.

रविवार

श्रावणातला पहिला उघडा दिवस. राजहंसगडावर जाऊन आलो.

सकाळी येळ्ळूरची बस पकडली. थोरली, सासूबाई आणि मी आधारकार्ड दाखवून बायकांचं बिनपैशाचं तिकीट घेतलं. तिकीट काय ते ह्यांचं आणि धाकट्याचं अर्धं. सासूबाई गडावर चढणार नव्हत्या, त्या येळ्ळुरात त्यांच्या मावसबहिणीकडे उतरल्या आणि दिवसभर मनसोक्त बोलल्या. आम्ही वर गेलो. भाकरी, झुणका, खर्डा, दही. धाकट्यानं शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे बघत मान दुखेपर्यंत प्रश्न विचारले. खाली भाताची खाचरं नुसती हिरवी पेटलेली होती. आपल्या भागातला बासमती ह्याच मातीतला. सिद्धेश्वराच्या देवळात ह्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. काय मागितलं विचारलं तर म्हणाले, "मागितलं नाही काही. बसलो नुसता."

आठवडाभर मशीनवर उभा असतो हा माणूस. ओव्हरटाइम मिळाला तर रविवारीही जातो. आजच्या ओव्हरटाइमचे हजारभर रुपये आम्ही सोडले. ह्यांच्या मनात ते जाताना दिसत होते, येताना दिसले नाहीत. महिन्यातला एक रविवार ओव्हरटाइमला द्यायचा नाही, हे आता वहीत लिहिलंय. बाकीच्या रविवारी संध्याकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोत झाडांखालून फिरतो, नाहीतर किल्ला तलावाशी बसतो. परवा रताळी भाजून डब्यात नेली होती. ह्यातलं काहीच कर्ज फिटायची वाट बघत थांबवण्यासारखं नाही.

गुरुवार

पिग्मीची मुदत संपली. रोजचे 60 म्हणजे वर्षाचे 21,900, वर थोडं व्याज.

गेल्या वर्षी ह्यांनी विचारलं होतं, पिग्मीला व्याज कमी, कर्जाला जास्त, मग ते साठ रुपये थेट कर्जात का नाही घालायचे? हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. पण शिलाईचे पैसे सुटे येतात. ब्लाउजचे, फॉल-पिकोचे, पोरीच्या फ्रॉकचे. रोज साठ रुपये घेऊन पतसंस्थेत कोण जाणार? पिग्मीवाले काका संध्याकाळी दारात येतात, पावती फाडतात, पैसे जातात ते जातात. ही पद्धत आपल्याच राज्यातली. उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये दिवसाला दोन आणे गोळा करून पिग्मी सुरू केली. दोन आणेवाल्यांसाठी कुणीतरी दारात जाण्याचा विचार केला, याचं मला अजून कौतुक वाटतं. ती बँक 2020 मध्ये कॅनरात विलीन झाली, पण इथे पतसंस्थांची पिग्मी गल्लोगल्ली चालूच आहे.

आज त्यातले 20,000 घराच्या मुद्दलात भरले. मधे मुद्दल भरायला दंड नाही, हे थोरलीनं कागदावर आधीच वाचून ठेवलं होतं. हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करायला सांगितली. काउंटरवरच्या मुलीनं हिशेब काढला. शेवटचे पाच हप्ते पूर्ण आणि सहाव्यातला अर्ध्याहून जास्त गळाला. म्हणजे आज 20,000 दिले आणि पुढचे जवळजवळ 40,000 वाचले. मी तिला तो कागद छापून द्यायला लावला आणि घरी येऊन देव्हाऱ्याशेजारी लावला.

वरचे उरले त्यात पोरांचे रेनकोट, आणि येताना गणपत गल्लीतून पाव किलो कुंदा. ह्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

सोमवार

भावाचे हजार पाठवले. त्याचं व्याज नाही, मुदत नाही, तगादाही नाही. पैशाचा हिशेब जाणणारा कुणीही सांगेल की बिनव्याजी शेवटी द्या, आधी व्याजाचं फेडा. मी तसं केलं नाही. महिना हजार का होईना, ठरल्या तारखेला जातात. त्याची बायको मला वन्सं न म्हणता अक्का म्हणते, राखीला मी गेले की चार दिवस राहा म्हणते. ते तसंच राहायला हवं. बँकेचं कर्ज उशिरा फिटलं तर पैसे जास्त जातात, भावाचं रखडलं तर माहेर जातं. गेल्या राखीला त्यानं ओवाळणी घातली तर मी ती घेतली, हप्त्यात वळती केली नाही. वहिनीच्या डोळ्यांतून ते सुटलं नसणार.

बुधवार

सोन्याच्या कर्जाचा पुढचा हप्ता शेवटचा. पाटल्या घरी येणार. महिन्याचे 4,000 मोकळे होणार.

त्यावरून काल रात्रीपासून आमचं चाललंय. ह्यांना सगळे चार हजार घराच्या कर्जात घालायचे आहेत. मला तीन हजार घालायचे आहेत आणि एक हजार डब्यात. थोरलीनं मोबाईलवर दोन्ही हिशेब काढून दिले. मुद्दल आता 3,37,500 च्या आसपास आहे. चार हजार जादा भरले तर कर्ज 37 महिन्यांत फिटतं. तीन हजार भरले तर 41 महिन्यांत. काहीच जादा न भरता साडेपाच वर्षं लागली असती.

म्हणजे भांडण चार महिन्यांचं आहे. ह्यांना ते चार महिने खूप वाटतात. कारखान्यात कामाचं कमीजास्त होतं, मंदीत ओव्हरटाइम बंद होतो, हातपाय चालतायत तोवर फेडून टाकावं असं त्यांना वाटतं. त्यांची भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण त्या 41 महिन्यांत धाकटा सातवीतून दहावीत पोचेल. तीन मंगाईच्या जत्रा, तीन गणपती, शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी रात्रभर रस्त्यावर बसायच्या तीन रात्री त्यात आहेत. सासूबाईंना पंढरपूरला जायचंय, ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, पुन्हा नाही. महिना हजारात हे सगळं बसतं.

ते पाचशेवर आलेत. मी हजार सोडणार नाही. शनिवारी पोरांना आणि सासूबाईंना घेऊन बसायचं, वही मधे ठेवायची आणि ठरवायचं, असं त्यांनाच सांगितलंय. सासूबाईंना पंढरपूरचा खर्च किती येतो ते आधी विचारून ठेवायला हवं.