होळकरांचे उत्तर आलेले नाही

शनिवार, रात्र

आजची फेरी संपली तरी माझ्या पत्राला होळकरांचे उत्तर आलेले नाही. आमच्या गावातील आणि अंजनगाव-परतवाड्याकडील काही मित्र मिळून आम्ही १८०३ सालच्या राजकारणाचा खेळ खेळत आहोत. कोणी दौलतराव शिंदे आहे, कोणी निजामाचा दिवाण, कोणी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, आणि नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांची बाजू माझ्याकडे आहे. वसईचा तह होऊन पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेले आहेत, पावसाळा चालू आहे, आणि येथून पुढे इतिहास जसा घडला तसाच घडावा असे बंधन कोणावरही नाही.

पंच म्हणून आमचे निवृत्त गुरुजी बसतात. संपूर्ण नकाशा केवळ त्यांच्याजवळ असतो; प्रत्येकाने आपले हुकूम त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि त्याच्या स्वारांच्या नजरेस जेवढे पडू शकले असते तेवढेच त्यांनी उलट कळवायचे. प्रशियाचा अधिकारी राइसवित्झ याने १८२४ मध्ये सैन्यासाठी मांडलेल्या युद्धखेळातही पंचाचे काम असेच होते. शिवाय पत्र पोचण्यास अंतराप्रमाणे वेळ लागतो व ते वाटेत पकडले जाऊ शकते, म्हणून वेचणीच्या दिवसांत बांधावर समोरासमोर आलो तरी खेळाविषयी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम सर्वांनी मनापासून पाळला आहे.

१९५९ मध्ये बाजारात आलेला 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ मी खेळलो आहे. त्यात खासगी बोलणी मनसोक्त चालतात आणि सर्वांचे लेखी हुकूम एकाच वेळी उघडले जातात, परंतु कोणाचे सैन्य कोठे आहे हे सर्वांना दिसत असते. लपलेला असतो तो केवळ हेतू. आमच्या खेळात फौजाही लपलेल्या आहेत, आणि त्यामुळे अज्ञान कोणते व कपट कोणते हे ओळखणे फार कठीण होते. 'गाविलगड किल्ल्याच्या वाटेवर इंग्रज फौज नाही' असे शिंद्यांनी मला लिहिले आहे. ते खोटे ठरले तर त्यांनी दगा दिला असे मी म्हणू शकत नाही, कारण त्यांचे स्वार त्या बाजूला फिरकलेच नसतील.

होळकरांच्या मौनाचा प्रश्न याहून खोल आहे. खऱ्या इतिहासात यशवंतराव होळकर त्या वर्षी युद्धापासून दूर राहिले, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, हे या भागात वाढलेल्या आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून 'होळकर येणारच नाहीत' असे प्रत्येक जण गृहीत धरतो. मला हे मान्य नाही. होळकरांच्या जागी बसलेला आमचा मित्र आपल्या बुद्धीने चालणारा आहे, आणि त्याचे मौन पुस्तकावरून वाचणे हा त्याच्यावर अन्याय आहे. हडपसरच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा मोड केल्यावर त्यांच्याच शेजारी उभे राहण्यास त्याला काही ठोस कारण हवे असेल, किंवा माझे पत्र निजामाच्या चौकीवर अडकले असेल.

त्यामुळे आज मी गाविलगडाची शिबंदी तशीच ठेवली आहे आणि होळकरांकडे दुसरा जासूद बुऱ्हाणपूरच्या वाटेने पाठवला आहे. मुलखाच्या वाटणीचा प्रस्ताव या वेळी स्पष्ट लिहिला आहे, आणि तो शिंद्यांच्या हाती पडला तरी त्यांना माझ्यावर संशय घेण्यास जागा उरू नये, एवढी काळजी घेतली आहे.