१ नोव्हेंबरचे ब्रसेल्स

लुव्हेनच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊन मला जेमतेम सहा आठवडे झाले होते, तेव्हा वर्गातील एका मैत्रिणीने सांगितले की १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणानिमित्त बेल्जियमभर सार्वजनिक सुट्टी असते. बेळगावात वाढलेल्या मुलीला ही तारीख दिनदर्शिकेत शोधावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली आणि आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचे पिवळे-लाल झेंडे फडकतात आणि मराठी माणसे काळे कपडे घालून सायकल फेरीत सामील होतात. शहापुरात आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांच्या घरी त्या दिवशी आनंद असे आणि आमच्या घरी एक प्रकारची शांतता असे. दुसऱ्या दिवशी मात्र विरजणाची वाटी दोन्ही घरांत पूर्वीसारखीच फिरू लागे. आयुष्यात प्रथमच हा दिवस मी घराबाहेर काढणार होते, म्हणून खोलीत बसून राहण्याऐवजी ब्रसेल्स पाहायला जायचे ठरवले.

लुव्हेनच्या स्टेशनबाहेर फुलवाल्याकडे शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगा लागल्या होत्या. या सणाला लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आणलेल्या शेवंतीचा वास मला तिथे इतक्या स्पष्टपणे आला की तिकीट काढण्यापूर्वी मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

गाडीने अंतर अर्ध्या तासाचेच आहे, पण तेवढ्यात एक सीमा ओलांडली जाते. लुव्हेन फ्लेमिश भागात असल्यामुळे तिथल्या सूचना केवळ डच भाषेत असतात. गाडी ब्रसेल्समध्ये शिरली आणि तीच सूचना डच आणि फ्रेंच अशा दोन भाषांत ऐकू आली. मध्यवर्ती स्थानकात दक्षिणेकडच्या एका गावाचे नाव मला ‘मोंस’ आणि ‘बेर्खेन’ असे दोन्ही प्रकारे लिहिलेले दिसले. ही दोन वेगळी गावे असावीत असे मला वाटले होते, परंतु गाव एकच आहे, आणि दोन्ही नावांचा अर्थही एकच, तो म्हणजे डोंगर. बेळगाव की बेळगावी यावर लहानपणापासून ऐकलेले सारे वाद मला त्या फलकाखाली आठवले.

शहराचा मुख्य चौक फ्रेंचमध्ये ‘ग्रां प्लास’, म्हणजे मोठा चौक, आणि डचमध्ये ‘ग्रोटे मार्क्ट’, म्हणजे मोठा बाजार. १६९५ च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने तोफा डागून हा भाग जवळजवळ भस्मसात केला, आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत व्यापारी संघांनी आपापली घरे पुन्हा उभी केली. नावाड्यांच्या घराचा माथा जहाजाच्या मागच्या भागासारखा घडवलेला आहे. नगरभवनाचा ९६ मीटर उंचीचा मनोरा आगीतून वाचला होता. चौक फार सुंदर आहे, यात शंका नाही, परंतु छायाचित्रांतून तो इतक्या वेळा पाहिलेला होता की माझे मन तिथे फारसे रमले नाही.

मन रमले ते आजूबाजूच्या गल्ल्यांत. एकीचे नाव लोण्याची गल्ली, दुसरी भाजीपाल्याच्या बाजाराची, तिसरी कोंबड्यांच्या बाजाराची, आणि एक खाटिकांची. आमचा खडे बाजार आणि कसाई गल्ली ओळखणाऱ्या माणसाला अशा शहरात परके वाटत नाही. प्रत्येक कोपऱ्यावरच्या पाटीवर ही नावे फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत आहेत. अक्षरांचा आकार सारखा आहे, आणि कोणत्याही पाटीवर एका नावाला काळे फासलेले मला दिवसभरात कुठेही दिसले नाही. हे वाक्य लिहिताना मला किती बरे वाटते आहे, ते सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दुपारी मी न्यायमंदिराच्या अवाढव्य इमारतीजवळच्या काचेच्या लिफ्टने खाली मारोल या जुन्या कष्टकरी वस्तीत उतरले. तिथल्या एका चौकात १८७३ पासून जुन्या वस्तूंचा बाजार भरत आला आहे. फ्रेंच लोक या चौकाला चेंडूच्या खेळाचा चौक म्हणतात, आणि डचमध्ये तो कोल्ह्यांचा चौक आहे. इथे एक नाव दुसऱ्याचे भाषांतर नाही. दोन समाजांनी एकाच जागेत वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या, आणि पाटीवर दोन्ही टिकल्या. या वस्तीतल्या काही पाट्यांवर तर ब्रसेल्सच्या स्थानिक बोलीतली तिसरी ओळही आहे. आमच्या कन्नडमिश्रित बेळगावी मराठीला, जिला पुण्यातल्या नातेवाइकांसमोर बोलताना मी नेहमी दडवत आले, कधी एखाद्या पाटीवर जागा मिळेल अशी कल्पनाही मी केली नव्हती.

तरीही जे दिसले तेच पूर्ण सत्य मानणे योग्य होणार नाही. बाजारात एका विक्रेत्याला मी नुकत्याच शिकलेल्या डचमध्ये एका पितळी घंटेची किंमत विचारली, तेव्हा त्याने नम्रपणे फ्रेंचमध्ये उत्तर दिले, आणि शेवटी आमचा व्यवहार इंग्रजीत झाला. एकेकाळी डच बोली बोलणारे हे शहर गेल्या दोन शतकांत बहुतांशी फ्रेंचभाषक झाले आहे. पाटीवर दोन्ही भाषांना समान जागा असली तरी रस्त्यावर तशी ती नाही.

मी ज्या विद्यापीठात शिकते त्याचा इतिहासही कडवट आहे. १९६२ च्या कायद्याने देशाची भाषिक सीमारेषा निश्चित केली आणि लुव्हेन डच बाजूला आले. त्यानंतर फ्रेंच विभाग तिथून हलवावा यासाठी आंदोलन पेटले, १९६८ मध्ये त्या प्रश्नावर देशाचे सरकार पडले, आणि १४२५ साली स्थापन झालेले विद्यापीठ दुभंगले. फ्रेंच विभागासाठी सीमेपलीकडे लुव्हें-ला-नव्ह हे नवे गावच वसवावे लागले. ग्रंथालयाची वाटणी करताना सम आणि विषम क्रमांकांचे ग्रंथ वेगळे केले गेले. ज्या ग्रंथालयात मी रोज बसते त्याबद्दल हे प्रथम ऐकले, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पण याच देशात २७ नगरपालिका अशा आहेत की जिथे दुसऱ्या भाषेच्या रहिवाशांना प्रशासनाशी आपल्या भाषेत व्यवहार करण्याची सोय कायद्याने दिलेली आहे, आणि त्यांपैकी सहा ब्रसेल्सच्या अवतीभवतीच आहेत. आपल्याकडेही जिथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे ठरलेले आहे. मी सातवीत असताना आजीच्या निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तिच्यासोबत एका कार्यालयात गेले होते. अर्ज केवळ कन्नडमध्ये होता. मला शाळेत कन्नड होते, म्हणून मी तो वाचून दाखवला आणि तिने माझ्या बोटाखाली सही केली. आयुष्यभर पोथ्या वाचणारी माझी आजी त्या खिडकीसमोर निरक्षर ठरली होती. कन्नड मला आवडते, तिच्यातल्या म्हणी मी अक्कांकडून शिकले आहे. पण त्या दिवशीचा आजीचा चेहरा मला विसरता आलेला नाही.

संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून आले. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मी कोल्ह्यांच्या चौकाच्या पाटीचे छायाचित्र घरी पाठवले. भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी आईने आजीला फोन दिला.

“दोन्ही नावं वाचता येतात काय गं तिथल्या लोकांना?” आजीने विचारले.

“सगळ्यांना नाही, आजी. ज्याला जी ओळ येते ती तो वाचतो.”

ती काही क्षण बोलली नाही. मग तिने विचारले की तिथे थंडी किती आहे, आणि मी कानाला रुमाल बांधला आहे की नाही.