८ सेकंद की ३० सेकंद?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याचा, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) बदलला. सेटिंग भरलं ते आमच्या विकीवरच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांना दुरुस्त करता येणाऱ्या वेबपानांपैकी, ‘ड्राइव्ह सेटिंग’ या पानावरून. चालू केला आणि पाचेक सेकंदांत ओव्हरकरंटवर ट्रिप, म्हणजे करंट जास्त झाल्यानं आपोआप बंद. रीसेट केला, पुन्हा ट्रिप. पानावर अॅक्सिलरेशन टाइम, म्हणजे पूर्ण वेगावर यायला दिलेला वेळ, ८ सेकंद होता. ब्लोअरचं चाक जड. त्याला इतक्या घाईनं वेगावर आणायचं तर मोटर मर्यादेबाहेर करंट ओढणारच.

आमची विकी डोकुविकी या सॉफ्टवेअरवर आहे. डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर पीएचपी टाकलं की काम भागतं. पान सेव्ह केलं की त्याची आवृत्ती ‘अॅटिक’ फोल्डरात राहते. जुन्या आवृत्त्या उघडून ताडून पाहिल्या: ३०, मग ८, मग परत ३०, परत ८. ८ करणारे आमचे ज्येष्ठ फिटर, ३० करणारा इलेक्ट्रिशियन.

रात्री साडेदहाला फिटरकाकांना फोन लावला. “काका, ब्लोअरला आठ कशाला केलंत?”

“ब्लोअरला कुठे? कूलिंग पंपाला आठच आहे, मीच लावलंय.”

दोघंही बरोबर होते. दोन यंत्रांना मिळून पान एकच होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याची ‘चूक’ मनापासून सुधारत होता. ३० भरल्यावर ब्लोअर सुरळीत फिरला.

मला लागलं ते वेगळंच. सेव्हच्या बटणाजवळ बदलाचा सारांश लिहायची एक ओळ असते. चारही वेळा ती कोरी. कुणी बदललं, कधी बदललं, हे विकी स्वतःहून नोंदवते. का बदललं, ते माणसानंच लिहावं लागतं. ‘कूलिंग पंपासाठी’ एवढे दोन शब्द पुरले असते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ ला पहिली विकी सुरू केली, तेव्हा नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ चटकन. चटकन दुरुस्ती हाच तिचा गुण, आणि आम्ही तेवढाच उचलला.

आता एका यंत्राला एक पान. नावं आखूड ठेवली, त्यालाही कारण आहे: मूळ सेटिंगमध्ये डोकुविकी फाइलीच्या नावातलं देवनागरी टक्के-चिन्हांच्या संकेतात बदलते. एकेका अक्षराला, काना-मात्रेलाही, ९ बाइट जातात. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटांपलीकडे जात नाही आणि अॅटिकमध्ये त्याला तारखेचा आकडा व फाइलीच्या प्रकाराचं शेपूट मिळून आणखी १८ जोडले जातात. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २६ चिन्हं. नावाची ही पद्धत बदलायची असेल तर पहिलं पान लिहिण्यापूर्वीच बदलावी. नंतर बदलली तर देवनागरी नावाची जुनी पानं सापडत नाहीत.

सेटिंगची पानं परवानग्यांमध्ये जाऊन फक्त वाचण्यापुरती ठेवावीत, असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. कुलूप लागलं की काका बदल वहीत लिहितील, इलेक्ट्रिशियन मोबाइलवर फोटो काढून ठेवेल, आणि पुढच्या वेळी ताडून पाहायला जुनी आवृत्तीच नसेल. सोमवारच्या बैठकीत हेच मांडणार आहे, त्या चार आवृत्त्यांची छापील प्रत घेऊन.