वायफायचे ठिपके, आपल्याच नकाशावर

कॉलेजच्या आवारात किंवा मोठ्या सोसायटीत वायफाय कुठे पोचतं ते पाहायला तयार ऑनलाइन नकाशा कामाचा नाही. त्यात बाहेरचा रस्ता असतो. पंपहाउस, मागचा जिना, पार्किंग नसतं. म्हणून आधी नकाशा आपला करायचा, वायफायच्या नोंदींचे ठिपके नंतर.

आवाराचा कागदी आराखडा ३०० डीपीआयला सपाट स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढला की कडा वाकतात आणि पुढे सगळंच वाकतं. ती प्रतिमा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये (प्रतिमा खऱ्या जागेवर बसवणारं साधन) उघडून उपग्रह चित्राशी जुळवा. ‘पॉलिनॉमियल १’ या जुळवणीच्या पद्धतीला दोन्हीकडे ओळखू येणारे तीन बिंदू पुरतात, पण तिथेच फसगत आहे. तीन बिंदूंवर नकाशा नेहमी तंतोतंत बसतो, चूक शून्य दिसते आणि चुकीचा बिंदू पकडता येत नाही. सहा-सात घ्या: चार कोपऱ्यांत चार, बाकीचे मध्ये. गच्चीचे कोपरे नकोत. उपग्रह चित्रात उंच इमारती कललेल्या असतात, त्यामुळे गच्ची जमिनीवरच्या जागेपासून सरकलेली दिसते. फाटकाचे खांब, कंपाउंडचे कोपरे, विहिरीचा कठडा हे भरवशाचे.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, ईपीएसजी:३२६४३ ठेवा (ईपीएसजी हा अशा पद्धतीचा क्रमांक). पुणे, मुंबई, नाशिक त्यात येतात. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर इथे, ३२६४४ लागतं. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटरवर (३८५७) पुण्याच्या अक्षांशाला अंतर सुमारे ५ टक्के फुगतं. अंशांत मोजणाऱ्या ४३२६ वर ‘३०’चा बफर (ठिपक्याभोवतीचं वर्तुळ) काढला तर तो ३० अंशांचा होतो आणि अख्खा भारत झाकतो!

नोंदींसाठी अँड्रॉइडवर विगल हे वायफाय नेटवर्क जागेसकट टिपणारं ॲप पुरेसं आहे. मात्र अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲप दोन मिनिटांत चारदाच स्कॅन करू शकतं. चालत्या माणसाचे तीस सेकंद म्हणजे ३५-४० मीटर, एक इमारत मागे पडली. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग (म्हणजे हीच मर्यादा) बंद करता येतं. ते करा, नाहीतर सावकाश चाला. इमारतीच्या एकाच बाजूने फिरू नका, चारही बाजूंनी फिरा. का, ते पुढे कळेल.

ॲपमधून एक्सपोर्ट केलेल्या सीएसव्हीची (तक्त्याच्या फाइलची) पहिली ओळ ॲपची माहिती असते, रकान्यांची नावं दुसऱ्या ओळीत. क्यूजीआयएसमध्ये आयात करताना सुरुवातीची एक ओळ वगळायला सांगा. एक्सला रेखांश, वायला अक्षांश. उलटं झालं तर पुण्याचे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात पडतात. ब्लूटूथ आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी गाळा, अचूकता १५ मीटरपेक्षा वाईट असलेल्याही.

आता मुख्य मुद्दा. ठिपका राउटरची जागा नसतो, फोनने सिग्नल ऐकला ती जागा असते. एकाच रस्त्याने गेलात तर सगळे राउटर रस्त्यावरच दिसतील. राउटरच्या जागेचा अंदाज काढायला क्यूजीआयएसमधलं ‘मीन कोऑर्डिनेट्स’ (सरासरी जागा) हे साधन वापरा: युनिक आयडीला मॅक ॲड्रेस (वायफाय उपकरणाची ओळख सांगणारा पत्ता), वजनाला सिग्नलची ताकद. ताकद उणे डीबीएममध्ये (सिग्नल मोजायचं एकक) असते आणि उणे आकडा वजन म्हणून चालत नाही. आधी त्यात १०० मिळवा: उणे ५० चे ५०, उणे ९० चे १०. शून्याखाली राहिले ते टाकून द्या. तीनपेक्षा कमी नोंदी असलेला राउटर मी तरी नकाशावर धरणार नाही. मजला यातून कळत नाही. मजलानिहाय हवं असेल तर प्रत्येक मजल्याची फेरी वेगळी, लेयर वेगळी.

मॅक ॲड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो. बरेचदा तो कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट निघतो, पण काही राउटरही आपल्या जादा नेटवर्कांना असेच पत्ते देतात. म्हणून असे पत्ते सरसकट उडवू नका; दोन वेगळ्या दिवशी त्याच जागी दिसले तर ठेवा.

बाहेर वापरायला क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समधून एमबीटाइल्स (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, एकाच फाइलमध्ये) बनवा, झूम १५ ते १९. दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनाला झूम १९ वर आठशेच्या आसपास टाइल्स होतात आणि प्रत्येक पुढच्या झूमला चौपट. फाइल क्यूफील्ड या मोबाइल ॲपमध्ये नेटशिवाय उघडते. ओएसएमच्या (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशाच्या) सर्व्हरवरून घाऊक टाइल्स उतरवू नका, त्यांच्या नियमांत ते बसत नाही.

नकाशा इतरांना देताना नेटवर्कची नावं आणि मॅक ॲड्रेस काढून टाका. नावाच्या शेवटी ‘_नोमॅप’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) असलेली नेटवर्कं तर आधीच गाळा. त्या मालकाने नको म्हणून सांगितलेलंच आहे.